नळीला निजायला जागा

१२ जानेवारी, रविवार

आज सुट्टी, शेडमध्ये कोणी नाही, म्हणून मनसोक्त जमिनीवर रेघोट्या मारून घेतल्या. पाठ मोडली, ड्रेस खडूनं पांढरा झाला, पण नळी कापायची मशीन कुठं बसणार ते एकदाचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. घरातल्यांचं 'हो' यायचं बाकी आहे.

नवीन डायरी आहे तर नीट लिहून ठेवते. शेड म्हणजे आमचा कारखाना, वडनेरच्या बाहेर हायवेला लागून, घरच्याच वावरात. कूलरला लागते ती पाण्याची प्लास्टिकची नळी आम्ही बनवतो. दाणे वितळवून नळी ओढणारी मोठी मशीन भागवत सांभाळतो. (नवऱ्याचं नाव डायरीत घेतलेलं चालतं. घरात 'अहो'.) नळीचं बंडल झालं की झुंबरबाई आणि तिच्या दोघी जोडीदारणी टेबलावर ठोकलेल्या खिळ्यांना लावून ती पात्यानं कापतात. कापून कापून हात दुखतात आणि एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून मशीन. हट्ट माझा. प्लास्टिकचा डिप्लोमा करून, लग्नाआधी जळगावला नळ्यांच्याच कंपनीत राहून आले, ते काय नुसतं सांगण्यापुरतं?

वावरातून परतताना मामाजी, म्हणजे माझे सासरे, डोकावले. खाली बघून म्हणाले, "हे काय सुनबाई, रांगोळी काढली?"

"मशीनची जागा आहे, मामाजी."

"मशीन त फ्रीजएवढी आहे म्हनत होती तू. हे त अख्खं गाव काढलं!"

मी म्हटलं, गोठ्यात म्हशीची जागा धरताना आपण नुसती म्हैस मोजतो का? पुढे कडबा टाकायला, मागे शेण ओढायला जागा लागते. तसंच हे. पुढे बंडल ठेवायचं, नळी सरळ होत आत यायची, मागे तुकडे पडायला लांब टेबल, आणि बाजूनं माणसाला जायला वाट.

"मंग असं सांग ना," म्हणाले, आणि खडूच्या रेघेवर पाय न देता, लंगडी घातल्यासारखे, आपल्या केबिनमध्ये गेले.

ती केबिन! शेडमधली सगळ्यात चांगली जागा. मोठ्या मशीनच्या शेजारी, सावलीची, धूळ न येणारी. शेड बांधताना मामाजींनी आधी केबिन बांधून घेतली. समोर पूर्ण काच, आत फिरती खुर्ची, सोफा, कूलर. सकाळी दहाला येतात, पाचपर्यंत बसतात. पाहुणे येतात, चहा होतो, आणि काचेतून माझ्याकडे बोट दाखवून काही ना काही सांगणं चालू असतं. काय सांगतात देव जाणे. मला तर परीक्षेत मास्तर मागे उभे राहिल्यासारखं वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

जमिनीवरचा खडू येता-जाता पुसला, म्हणून साडीच्या खोक्याचे पुठ्ठे कापले. एक पुठ्ठा म्हणजे मोठी मशीन, एक कापणीची, एक टेबल, एक कॉम्प्रेसर. ओसरीत शेडचा नकाशा अंथरून सगळे बसलो. भागवतनं कापणीची मशीन थेट दारात ठेवली. म्हणे, माल इकडून पडला की तिकडून गाडीत. मी विचारलं, आणि माणसं कुठून येणार? "खिडकीतून," म्हणाला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी बराच वेळ बघून एक पुठ्ठ्याचा तुकडा फाडला आणि मध्यभागी ठेवला. "हे काय?" तर म्हणे, "तुळस. कुठं तरी पाह्यजे ना!" त्यावर सगळ्यांनी आपापलं मत दिलं आणि तेवढ्यात मामाजींना शिंक आली. कारखाना उडून अंगणात गेला.

झुंबरबाईला काल सांगून टाकलं की कापणं गेलं तरी गड्ड्या बांधणं, टोकाला क्लिप लावणं वाढणार आहे, काम कुठं जात नाही. ती म्हणाली, "मले काय त्याचं. माह्या मनगटाले विचारा, ते आत्तापासूनच पेढे वाटून राह्यलं."

२८ जानेवारी, मंगळवार

मशीन आली. आणि माझी फजिती झाली.

मी मशीन मोजली होती. तिच्या बाजूला विजेची पेटी आहे आणि त्या पेटीला दार आहे, हेही कागदावर होतं. ते दार उघडतं, हे मात्र मी धरलंच नव्हतं! ठरल्या जागी मशीन उतरवली, दार उघडायला गेलो तर ते खांबाला धडकलं. बिघाड झाला तर आत हात घालायला जागा नाही. मशीन उलटी फिरवली. तेव्हा पेटी मोकळी झाली, पण नळी येणार त्या बाजूनं तुकडे पडायला लागणार. म्हणजे टेबल इकडून तिकडे, बंडल तिकडून इकडे, आणि माणसांची वाट टेबलावरून!

चार गडी, भागवत आणि मी दुपारपर्यंत ढकलाढकल करत होतो. शेवटी सगळंच थोडं तिरपं केलं. तिरपं बरं दिसत नाही, पण नळी सरळ जाते. नळी सरळ गेली की बाकी जग तिरपं चालेल.

आज नेमके मामाजींकडे तिघं पाहुणे होते, नांदुऱ्याकडचे. काचेआडून सगळी सर्कस बघत होते. निघताना एकानं मला थांबवून विचारलं, "ताई, तुमचं शिक्षण कुठं झालं? तिथं मुलींचं होस्टेल आहे काय? जेवन कसं आहे?" घामानं डोळ्यात पाणी, हातावर ग्रीस, आणि ह्यांना होस्टेलचं जेवण! मामाजी माझ्या डिप्लोम्याची खात्री करून घेतायत की काय, असं मनात आलं. इतका पैसा घातला, तर माणूस खात्री करणारच. पण मलाच विचारावं ना.

३ फेब्रुवारी, सोमवार

चालली! चालली! खट, खट, खट. तुकडे असे पडतात जसे कोणी शेंगा तोडून टोपल्यात टाकतंय. झुंबरबाई टेबलाच्या टोकाला उभी राहून म्हणाली, "थांबवा बाई थोडं, माह्यानं श्वास घेनं होत नाई."

मशीन इतकी झपाट्याची की मोठ्या मशीनवरून बंडल उतरलं की लगेच तिला लावावं लागतं. जुनी बंडलं आजच संपवली तिनं.

खामगावचे जानरावभाऊ कूलर बनवतात. त्यांनी पहिली ऑर्डर दिली आहे. सगळे तुकडे सारखे हवेत, कारण त्यांच्या कूलरमध्ये नळी मोटरीपासून वरच्या ताटलीपर्यंत नेमकी जाते, कमी पडली तर निसटते. हे जमलं तर पूर्ण सीझनची नळी आमच्याकडून. सीझन लागला की ते कोणासाठी थांबणार नाहीत.

संध्याकाळी भागवतला म्हटलं, तुमच्या वडलांना सांगा ना, मला असं बोट दाखवत जाऊ नका म्हणावं पाहुण्यांना. सारखं लक्ष ठेवल्यासारखं वाटतं. तो हसला. "सांगू काय त्याईले? मी नाई सांगत. तूच इचार, काय सांगतात म्हनून." आणि गेला मोटर बंद करायला. या घरात मला कोणी सरळ काही सांगेल तर शपथ.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

जानरावभाऊंचा सकाळी फोन. "ताई, नळ्या आखूड आहेत. आनि एकजात आखूड असत्या त मी काहीतरी केलं असतं. कोनती बोटभर, कोनती दोन बोटं." फोटो पाठवला, टेप लावून. खोटं नाही.

पातं बघितलं. लांबी मोजणारं चाक बघितलं. दहा तुकडे कापून मोजले, सगळे तंतोतंत. भागवत म्हणाला, जानरावचा टेप खराब असेल. मामाजी केबिनमधून उठून आले, माझ्या मागे उभे राहिले, एक तुकडा उचलून बघितला, परत ठेवला आणि गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी ते दहा तुकडे तसेच टेबलावर ठेवून घरी आले. मशीनचा हट्ट माझा होता. पुठ्ठ्यांचा खेळही माझाच. आता गावभर होईल की किसनरावांनी सुनेच्या नादानं मशीन आणली आणि ती बसली बोंबलत.

९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! सकाळी उठून आधी शेडवर गेले. कालचे दहाही तुकडे आखूड झाले होते.

मशीनचा दोष नाही, नळीचाही नाही. घाई माझी. ताजी नळी मशीनमधून ओढून, ताणून गुंडाळलेली असते, पोटात थोडी गरमही असते. ती हळूहळू आकसते, आपल्या मूळ अंगावर येते. हातानं कापायचो तेव्हा बंडलं तशीच दोन दिवस पडून राहायची, कारण हात मागे पडायचे. तोपर्यंत नळी आकसून झालेली असायची. आता ही मशीन मोठ्या मशीनच्या तोंडातला घास काढून खाते. नळी आकसते ती कापल्यावर.

आधी वाटलं, थोडी जास्त लांब कापू. पण प्रत्येक बंडल वेगळं आकसतं; सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं. उपाय एकच, नळीला दोन दिवस निजू द्यायचं. आडवी, सावलीत, एकमेकींवर न दाबता, मांडणीवर.

आणि जागा? बाहेर ऊन. वर पत्रा तापतो. गड्ड्या बांधायची जागा काढली तर झुंबरबाई कुठं बसणार? घरी न्यायची तर रोज ट्रॉली भरून ने-आण, वर धूळ. पुठ्ठे पुन्हा काढले. पाच वेळा मांडले. पाचही वेळा मोकळी राहिलेली, सावलीची, मोठ्या मशीनजवळची जागा एकच निघाली, आणि तिला काच आहे.

भागवतला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला. "केबिन? तुले माहीत नाई. आबा खामगावले कापूस न्यायचे, त जिनिंगात शेठच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसून राह्यचे. बोलावलं त आत. नाई त भाव बाहेरच समजे. आमच्या शेडाले छत नव्हतं तवा केबिनीले काच बसली होती."

आबा म्हणजे मामाजी. त्या बाकड्याचं ऐकल्यावर केबिन मागायची हिंमतच गेली माझी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज गेले शेवटी. जानरावभाऊंनी एक संधी दिली आहे. महाशिवरात्रीच्या आत माल नीट आला तर ठीक, नाहीतर ते दुसरीकडे बघणार. अजून वाट बघणं म्हणजे नळीसारखं आतल्या आत आकसणं.

काचेचं दार ढकललं. मामाजी एकटेच होते. शेड सुरू झाल्यापासून त्या केबिनमध्ये मी कधी बसले नव्हते, चहा आत द्यायला गेले तेवढंच.

"मामाजी, मला ही केबिन पाहिजे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. टुणकन उठले. फिरती खुर्ची रुमालानं पुसली, माझ्याकडे वळवली. "घे. बस. म्या कवाची वाट पाहून राह्यलो, सुनबाई कवा म्हनते म्हनून. बस, बस!"

"मला नाही, मामाजी. नळ्यांना."

"नळ्याईले?"

सगळं सांगितलं. आकसणं, दोन दिवस, पुठ्ठे, पाच वेळा मांडून बघितलं ते. सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरत गेला. केबिन सोडायची म्हटल्यावर उतरणारच. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, स्वतः बसले नाहीत.

"मंग तू कुठं बसशीन?"

"मला कुठं बसायला वेळ आहे? मी मशीनवर."

"हं." काचेतून बाहेर बघत राहिले. "दुसरी जागाच नाई म्हंते?"

"मला तरी सापडली नाही. तुम्ही बघता का एकदा?"

"तुले नाई सापडली त मले काय सापडनार?" टोपी घातली. "पाहू," म्हणाले आणि चहा न घेता तसेच घरी गेले.

रात्री जेवताना मामाजींनी भाकर नुसती कुस्करून ठेवली. आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरी भाकर मागितलीच नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी शेडवर जाताना मनात पर्याय घोळत होते. अर्धी केबिन मागू. पडदा लावून मागचा भाग मागू. सोफा राहू देऊ.

पोचले तर सोफा बाहेर, आंब्याखाली. त्यावर झुंबरबाई आणि जोडीदारणी बसून बघतायत. आत मामाजी, बाह्या वर करून, सुताराच्या अंगावर ओरडतायत, "अरे, काच सांभाळून काढ! ती काच नाई, आरसा आहे माह्या सुनेचा!" हे काय बोलणं? काचेत तर कधी कोणी तोंड बघितलेलं मला आठवत नाही.

"मामाजी, अर्धी जागासुद्धा चालली असती."

"अर्ध्या जागेत नळ्या अर्ध्याच निजतीन. करायचं त पुरं करावं." मग हळूच म्हणाले, "मांडनी किती उंच पाह्यजे? सागाच्या फळ्या आहेत घरी, तुह्या आत्याबाईले इचारू नको, घेऊन ये."

माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि नेमका सुताराचा भुसाही आला, म्हणून निभावलं.

दुपारपर्यंत तीन भिंतींना मांडण्या उभ्या राहिल्या. पहिली बंडलं आडवी ठेवली, प्रत्येकावर तारीख लिहिली. कूलर तेवढा आत राहू दिला. मामाजी म्हणाले, नळ्याईले गर्मी नको.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस निजलेल्या नळीचे तुकडे कापले, टेबलावर ठेवले, आज मोजले. एकही आखूड नाही! झुंबरबाईनं गड्डी उभी आपटून टोकं दाखवली, सुरीनं कापलेल्या वडीसारखी सपाट.

एक अडचण मात्र वाढली. मामाजींना बसायला केबिन नाही, म्हणून ते आता सगळीकडे असतात. आणि पाहुणे थेट मशीनपाशी. शेवटी मी पिवळा रंग आणून जमिनीवर पट्टा ओढला, ह्याच्या आत कोणी यायचं नाही. मामाजी तो पट्टा पाहुण्यांना असा दाखवतात जणू तीही एक मशीन आहे.

आज मलकापूरचे एक पाहुणे आपल्या मुलीला घेऊन आले. पुष्पांजली नाव, यंदा दहावीला. आधी लाजत होती. मग विचारलं, "ताई, हे चाक नळीवर घसरलं तर लांबी चुकेल ना?" मी इतकी खूश झाले की मशीन थांबवून झाकण उघडून दाखवलं. पातं, चाक, सगळं. पोरगी हुशार आहे. तिनं आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं, चहा गार झाला.

एक गंमत बघितली. मामाजी इतक्या वेळात मशीनकडे बघतच नव्हते, त्या मुलीच्या बापाकडे बघत होते. बाप मुलीकडे. निघताना म्हणाले, "किसनभाऊ, तुमी बाजारात सांगत होते ते मले खरं वाटत नव्हतं." मी मामाजींना नंतर विचारलं, काय सांगत होता? "काई नाई, नळीचं," म्हणाले. नळीचं काय खरं न वाटण्यासारखं आहे!

२४ फेब्रुवारी, सोमवार

माल गेला. मामाजी स्वतः गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून खामगावला गेले, नको म्हटलं तरी. मी दिवसभर फोनकडे बघत मशीन चालवली. एकदा तर हातमोजा पट्ट्याबाहेर विसरून आले, झुंबरबाईनं आणून दिला.

दुपारी फोन वाजला. जानरावभाऊ.

"ताई, मोजल्या. बऱ्या आहेत." मी मशीन बंद करून फोन कानाला दाबला. "बऱ्या म्हंजे सगळ्या बऱ्या आहेत. सीझन तुमच्याकडं. पन एक करा, तुमच्या सासऱ्याले बोलावून घ्या. माह्या कारागिराईले कामच करू देऊन नाई राह्यले. तुमच्या कॉलेजचं नाव दोनदा लिहून दिलं त्याईनं मले. माही नात आत्ता तिसरीत आहे!"

शेडमध्ये आम्ही सगळ्या नाचलो. भागवतनं मोठ्या मशीनचा भोंगा वाजवला, जो फक्त आग लागली तर वाजवायचा असतो. शेजारच्या वावरातून माणसं पळत आली. त्यांनाही गूळ-शेंगदाणे दिले.

२ मार्च, रविवार

सुट्टी, पण मामाजी सकाळीच म्हणाले, चाल, शेडवर जाऊन येऊ. मला वाटलं मांडणीचं काही असेल.

तिथं गेल्यावर पूर्वेच्या कोपऱ्यात उभे राहिले. तिकडे फुटलेली बंडलं, रिकामी पोती, जुना पंखा असा पसारा आहे. म्हणाले, "हे साफ केलं त इथं लहानशी केबिन होईन काय?"

"होईल की, मामाजी. तुमच्यासाठी बांधू. मी काढते नकाशा."

"माह्यासाठी नाई. तुह्यासाठी. दारावर तुह्यं नाव. सुचिता भागवत, डिप्लोमा."

काय हुशार आहेत! माझं नाव पुढे करून स्वतःची केबिन परत आणायची. मी मनात हसले, पण त्यांनी नळ्यांसाठी केवढं केलं ते आठवून तोंडावर दाखवलं नाही. तरी खरं ते सांगितलंच. "मला केबिनमध्ये बसवत नाही, मामाजी. मी काचेआड गेले तर मशीन कोण बघेल? केबिन तुम्हाला हवी असेल तर सांगा, लाजू नका."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि एकदम हसायला लागले, पार ठसका लागेपर्यंत. "तुले बसाचंच नाई त! म्या उगाच काच ठेवली सांभाळून."

"मग इथं काय करायचं?"

"तूच सांग."

मी म्हटलं, मनात तर आहे. फवारणीच्या पंपाची नळी जाड असते, तिला वेगळी मशीन लागते. आधी बंडलं निजायची जागा धरू, मग मशीन, मग पेटीचं दार पूर्ण उघडलेलं धरू, मग टेबल. ह्या वेळी उलट्या क्रमानं चुकायचं नाही. पण कोपरा पुरेल की नाही, शंका आहे.

"मोजू ना मंग! पाहते काय?"

मी टेप काढला. त्याचं टोक धरून मामाजी पोत्यांवरून, पंख्यावरून, धोतर सावरत पार भिंतीपर्यंत गेले. भिंतीला लागलेलं एक पोतं पायानं सारलं, त्याच्या मागचं दुसरं सारलं, आणि तिथून ओरडले,

"सुनबाई, अजून जागा आहे इकडं!"